स्वस्त शेअरची पारख

पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांत महिनाभर राबून मिळालेल्या पगारांतील कांहीं रुपये हल्लीं शेअरबाजाराकडे वळतात. दोन-पांच रुपयांचा शेअर घ्यावा व चार दिवसांत नफ्यानें विकावा, हा मोह स्वाभाविक आहे. परंतु भाव कमी म्हणजे शेअर स्वस्त, असें नव्हे.

पुण्याच्या सुझलॉन कंपनीनें २००५ सालीं आपला शेअर ५१० रुपयांस विकला. २००८ मध्यें एकाचे पांच झाले. म्हणजे मूळ भाव १०२ पडला. कर्जाच्या ओझ्यानें तो २०२० मध्यें दोन रुपयांच्या आसपास उतरला. २०२४ मध्यें तो पुन्हां ऐशीवर गेला खरा. पण उतरतांना वीस, दहा, पांच रुपयांसहि तो ‘स्वस्त’च दिसत होता!

मग निवड कशी करावी? प्रथम रोजची उलाढाल व त्यांतील प्रत्यक्ष हस्तांतर पाहावें. हस्तांतर अल्प असेल, तर व्यवहार बहुतांशीं सट्ट्याचा समजावा. दुसरें, भावाची दैनिक मर्यादा पाहावी. भाव खालच्या मर्यादेस टेकला कीं विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा मिळत नाहीं. तिसरें, बाजारानें तो शेअर देखरेखीखालीं ठेविला आहे काय, तें तपासावें. ‘ट्रेड-टु-ट्रेड’ गटांत त्याच दिवशीं घेऊन विकतां येत नाहीं. शेवटीं कंपनीचें कर्ज आणि चालकांनीं गहाण टाकलेले शेअर पाहावेत.

सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२२-२३ मध्यें त्याच दिवशीं शेअर घेऊन विकणाऱ्या दहांपैकीं सात व्यक्तींस तोटाच झाला. चाळणीनें खडे निघतात. धान्य वाढत नाहीं. मुलांच्या फीचे पैसे तरी या खेळांत घालूं नयेत.