दुरुस्ती आणि विश्वास

घरोघरी तांब्यापितळेची भांडी होती त्या काळी कल्हईवाल्याची आरोळी ऐकू आली की गृहिणी भांडी घेऊन अंगणात येत. भाता फुलू लागे, तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड पडे, पांढरा धूर उठे, आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरविताच पातेल्याचा अंतर्भाग रुप्यासारखा झळके. कल्हई नीट बसली की नाही, हे पाहावयास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नसे. काम डोळ्यांदेखत होई आणि त्याची परीक्षाही डोळ्यांनीच होई. कारागीर व गिऱ्हाईक यांच्यामधील विश्वास या उघडेपणावर उभा होता.

आज घरातील कष्टाची कामे रेफ्रिजरेटर, वॉशिंग मशीन, मिक्सर, गीझर अशा यंत्रांकडे गेली आहेत. ही यंत्रे चालतात तोवर मुकाट राबतात. बंद पडली की सारे घर अडते. वैशाखाच्या उन्हात रेफ्रिजरेटर थंडावा देईनासा झाला, की इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव असो, पुढील अनुभव बहुधा सारखाच येतो. दूरध्वनी केला असता ‘उद्या सकाळी माणूस येईल’ असे उत्तर मिळते. माणूस उगवतो तिसऱ्या दिवशी सायंकाळी. तोवर दूध नासलेले असते आणि वाट पाहण्यात कोणाची तरी रजा फुकट गेलेली असते. आलेला माणूस यंत्राच्या पाठीमागे हात लावतो आणि दोन मिनिटांत निदान सांगतो, ‘गॅस संपला.’ गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तीच रड सुरू होते.

येथे मुळात प्रश्न असा की, रेफ्रिजरेटरमधील गॅस संपतो का? चुलीतील लाकूड जळून संपते तसा तो संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबून पाठीमागील नळ्यांत ढकलतो, तेथे उष्णता बाहेर टाकून तो द्रवरूप होतो. मग एका केसासारख्या बारीक नळीतून तो आत शिरतो, तेथे त्याची पुन्हा वाफ होते, आणि वाफ होताना तो अन्नपदार्थांची उष्णता शोषून घेतो. हे चक्र बंदिस्त असते व तोच गॅस वर्षानुवर्षे त्यात फिरत राहतो. अर्थात तो कमी झाला असेल तर कोठे तरी गळती आहे, हे उघड आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखेच होय.

योग्य दुरुस्तीची रीत याहून वेगळी आहे. नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन व साबणाचा फेस लावून छिद्र शोधावे लागते. ते झाळून बुजवावे लागते, ओलावा शोषणारा फिल्टर बदलावा लागतो, पंपाने आतील हवा काढून घ्यावी लागते, आणि मगच ठरावीक वजनाचा गॅस काट्यावर मोजून भरावा लागतो. अनेक नव्या रेफ्रिजरेटरांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. त्यामुळे हे काम अर्धवट ज्ञानाच्या हाती देणे नुसते खर्चाचे नव्हे, धोक्याचेही आहे. शिवाय थंडावा कमी होण्यास दाराचे सैल रबर, नळ्यांवरील धूळ, बिघडलेला थर्मोस्टॅट अशी साधी कारणेही असू शकतात. कॉम्प्रेसर मुळी सुरूच होत नसेल तर दोष प्रथम विजेच्या पुरवठ्यात वा रिलेत शोधावयास हवा.

मग खोटे निदान इतके का फोफावते? कारागीर अप्रामाणिक आहेत, एवढे म्हणून भागत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की जेथे विकणाऱ्याला मालाचा गुण कळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेथे वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो. मायकेल डार्बी व एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 साली दुरुस्तीसारख्या सेवांचा विचार केला. अशा सेवांत काम झाल्यावरही ते खरोखर आवश्यक होते की नाही, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. जो कारागीर दोन तास खपून गळती शोधतो, त्याचे बिल साहजिकच मोठे होते. ते पाहून गिऱ्हाईक म्हणते, ‘पलीकडचा निम्म्यात करतो.’ असे दहा वेळा ऐकल्यावर कुशल माणूस हा धंदा तरी सोडतो, नाही तर पलीकडच्यासारखाच वागू लागतो. यंत्र शीतनाची विद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे शिकवितात. परंतु त्या विद्येचे मोल गिऱ्हाईक देत नसेल तर ती टिकावी कशी?

कायद्याचा आधार आहे, तो जाणून घ्यावयास हवा. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली आणि तो 20 जुलै 2020 पासून अंमलात आला. पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीतील हयगय ही या कायद्याच्या भाषेत ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवाही आहे. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळही सुरू केले. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून रेफ्रिजरेटरच्या थर्मोस्टॅटसारखे सुटे भाग किमान सात वर्षे मिळत राहिले पाहिजेत, असा नियम लागू केला. भाग मिळाला तरच कारागिराची विद्या उपयोगी पडते. मात्र हाती पावती नसेल तर आयोगापुढे तक्रार सिद्ध करणे कठीण. पावती मागण्याचा संकोच हा पुष्कळदा फसवणुकीचा सोबती असतो.

तेव्हा करावे काय? दोष कोणता व तो कशावरून ठरविला, हे कारागिराला आधी विचारावे. खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा. बदललेला जुना भाग परत मागावा. गॅस भरावयाचा असेल तर गळती कोठे सापडली ते दाखवावयास सांगावे, आणि पावतीवर दोष, भाग व हमीची मुदत लिहून घ्यावी. प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. आपली विद्या दाखविण्याची ती संधीच असते. आणि ज्याने शोधाशोध करून ‘नुसते रबर बदलले की पुरे’ असे सांगितले, त्याला त्या निदानाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. त्याचे कष्ट रबरात नव्हेत, ते निदानात आहेत.

कल्हईवाल्याचे काम उघड्यावर होते, म्हणून त्याची पारख सोपी होती. यंत्राच्या बंद पाठीमागे चालणारे काम आता प्रश्न विचारूनच उघड्यावर आणावे लागते. असे प्रश्न विचारणारी आणि चोख कामाचे चोख दाम देणारी चार घरे एका गल्लीत निघाली, तर त्या गल्लीला चांगला कारागीर लाभण्यास वेळ लागणार नाही.