साच्यावरची गाडी : हवेचा दाब शिकवणारा उपक्रम



आपल्या डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. फुगा कसा बनतो? साचा पातळ रबरात बुडवायचा, रबर सुकलं की ओलांडून काढायचं. खेळण्यातल्या गाडीची बॉडी, म्हणजे वरचं कवच, घरी अशीच साच्यावर बनवता येते. फक्त रबराच्या जागी प्लॅस्टिकची शीट आणि बुडवण्याच्या जागी हवेचा दाब. याला व्हॅक्युम फॉर्मिंग म्हणतात. बिस्किटाच्या पुड्यातला खाचांचा ट्रे याच पद्धतीने बनतो.

हवा ओढते की ढकलते?

मुलं म्हणतात, "व्हॅक्युम ओढतो." खरं तर बाहेरची हवा ढकलते. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो वजनाइतका दाब असतो. 20 × 30 सेंटिमीटरची शीट घ्या : 600 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 600 किलो! एरवी खालूनही तेवढाच दाब असतो, म्हणून काही होत नाही. व्हॅक्युम क्लीनरने खालचा दाब पाचव्या भागाने जरी कमी झाला, तरी वरून सुमारे 120 किलोचा भार पडतो. मऊ प्लॅस्टिकला तेवढा पुरतो.

साहित्य

लाकडी साचा, वर भोकं असलेली बंद पेटी, व्हॅक्युम क्लीनर, दोन लाकडी चौकटी, क्लिपा आणि 1 मिलिमीटर जाडीची पॉलिस्टायरीन शीट.

कृती

1. साचा पेटीवर ठेवा. खाली 5 मिलिमीटरचा प्लायचा तुकडा द्या, म्हणजे कवचाची खालची कड नीट येते.
2. शीट दोन चौकटींत घट्ट पकडून ओव्हनमध्ये तापवा. आधी तिला लाटा येतात, मग ती ताणली जाते, शेवटी मधोमध झोळ पडतो. हीच वेळ!
3. क्लीनर चालू करून चौकट झटकन साच्यावर दाबा. दोनतीन सेकंदांत आकार येतो.
4. पूर्ण थंड होऊ द्या, मग साचा काढून कडा कापा.

साचा कसा हवा?

सगळी गंमत इथेच आहे. रबर ताणून साच्यावरून निघतं, थंड प्लॅस्टिक ताणत नाही. म्हणून साच्याच्या बाजू वर थोड्या निमुळत्या हव्यात, 3 ते 5 अंश पुरे. खाली आत वळलेला भाग असला तर साचा अडकतो. बॉनेट आणि काच जिथे मिळतात त्या खोबणीत हवा कोंडते. तिथे 1 मिलिमीटरची आरपार भोकं पाडा. उंच टपाच्या कडांना शीट ताणून पातळ होते. शीटला दुप्पट क्षेत्र झाकावं लागलं, तर सरासरी जाडी किती उरेल? पाचवीची मुलं चटकन सांगतील.

पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात, म्हणजे ओरखडा रंगावर पडत नाही. पण त्याला बरंच जास्त तापमान लागतं. सुरुवातीला पॉलिस्टायरीनच बरं.

काळजी

तापवणं आणि कापणं मोठ्यांनीच करायचं. मुलांनी साचा आखावा, घासावा, बॉडी रंगवावी. स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका, खिडक्या उघड्या ठेवा. पीव्हीसी तर मुळीच तापवू नका. जळलं की घातक आम्लाचा वायू निघतो. कोणतं प्लॅस्टिक आहे हे माहीत नसेल, तर ते बाजूला ठेवा.

वर्गात विचारा

पेटीला फट राहिली तर? भोकं बुजली तर? शीट अर्धीच तापली तर? मुलांना आधी अंदाज लिहू द्या, मग करून पाहा.

तलासरी-डहाणूतली कितीतरी माणसं रोज उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत कामाला जातात. आपली मुलंही उद्या अशाच एखाद्या मशीनसमोर उभी राहतील. बटण दाबायला कुणीही शिकवेल. साचा असाच का आणि माल का बिघडला, हे ज्याला सांगता येतं तो साचा बनवणाराही होऊ शकतो. त्याची सुरुवात एका लाकडी गाडीपासून करून बघा.