पडद्यावरची सभा आणि पुण्याचा जुना धडा

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा शाळांच्या वर्गांबरोबर आपली सभागृहेही ओस पडली. व्याख्यानमाला, पुस्तक प्रकाशने, शिक्षकांची प्रशिक्षणे, एवढेच नव्हे तर शोकसभाही मोबाइलच्या पडद्यावर भरू लागल्या. त्या दिवसांत तो नाइलाज होता. टाळेबंदी केव्हाच उठली, सभागृहांची दारे पुन्हा उघडली. परंतु पडद्यावरची सभा गेली नाही. ती आता आपल्या सार्वजनिक जीवनाचा भाग होऊन बसली आहे. प्रवासखर्च वाचतो, सभागृहाचे भाडे वाचते, सावंतवाडीचा शिक्षक आणि गोंदियाचा शिक्षक एकाच वेळी एकाच वक्त्याचे विचार ऐकू शकतात. या सोयी खऱ्या आहेत आणि त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. या सभांतून माणसे एकमेकांना भेटतात काय?

प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत अशा अनेक सभांना हजेरी लावली आहे. हजेरी हाच शब्द येथे योग्य ठरेल. त्यांपैकी एक प्रशिक्षण एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता कशा शिकवाव्यात या विषयावर होते. पडद्यावर तीनशेच्या आसपास नावे दिसत होती. चेहरा मात्र एकट्या वक्त्याचा. दोन तासांच्या भाषणानंतर ‘काही शंका?’ असे विचारण्यात आले. क्षणभर शांतता पसरली. मग कोणी तरी ‘धन्यवाद सर’ असे लिहिले आणि पाठोपाठ धन्यवादांची रांग लागली. सभा संपली. पुढे काही महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्याची गाठ पडली, तेव्हा कळले की त्या दिवशी तेही त्याच सभेत होते. बारा वर्षे दोन इयत्ता एका खोलीत शिकवण्याचा त्यांचा अनुभव. वक्त्याने न सांगितलेल्या कितीतरी युक्त्या त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितल्या. सभागृहात असतो तर हे सारे चहाच्या वेळीच बोलून झाले असते. तीनशे अनुभवी माणसे एकत्र आली होती, आणि त्यांतील एकाच्याही अनुभवाचा दुसऱ्याला उपयोग झाला नाही.

हा दोष यंत्राचा आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः या प्रश्नाचा विचार आपल्याच महाराष्ट्रात सुमारे सात दशकांपूर्वी झाला होता. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. एका मंडळात साधारणपणे पंधरा-वीस माणसे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो सर्वांनी एकत्र बसून ऐकावयाचा, रेडिओ बंद करावयाचा आणि मग त्याच विषयावर आपसांत चर्चा करावयाची, अशी पद्धत होती. प्रत्येक मंडळाला चर्चा चालवणारा एक संयोजक असे. चर्चेतून निघालेले प्रश्न पुणे केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी केले आणि त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे निवडली होती. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. काही गावांत रेडिओही नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडा फरक पडला. यंत्र तेच, कार्यक्रम तोच, निवेदकाचा आवाजही तोच. मग फरक कशाने पडला? ऐकून झाल्यावर शेजाऱ्याशी बोलण्याची सोय होती, हाच तो फरक. पडद्यावरच्या सभा भरवणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष डोळ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. आज आपण बहुतेक ठिकाणी रेडिओ बसवतो आहोत. मंडळ स्थापन करण्याचे मात्र विसरतो आहोत.

अर्थात, पडद्याच्या स्वतःच्याही काही अडचणी आहेत. दहा भाषांतील संभाषणांचा एक तौलनिक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यास सरासरी सेकंदाचा पाचवा भाग इतकाच अवधी लागतो, असे त्यात आढळले. इंटरनेटवरून आवाज पोहोचण्यास त्याहून थोडा जरी अधिक विलंब झाला, तरी ही लय बिघडते. दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात आणि पुन्हा बोलण्याचा संकोच वाटू लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या सभांतून येणाऱ्या थकव्याची चार कारणे मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सारखा समोर दिसणे, एका जागी जखडले जाणे आणि हावभाव कळावेत म्हणून घ्यावे लागणारे जादा कष्ट. श्रोता कॅमेरा बंद करतो, तो नेहमीच आळसाने करतो असे नव्हे.

या अडचणींवर उपाय आहेत आणि ते खर्चाचे नाहीत. पहिला उपाय लहान गटांचा. चार माणसांपर्यंत गप्पा सहज एकत्र चालतात. पुढे त्यांचे आपोआप दोन घोळके होतात, हा आपला लग्नघरातलाही अनुभव आहे. सभेची विभागणी चार-पाच जणांच्या गटांत करण्याची सोय आजच्या साधनांत असते. वीस मिनिटांचे भाषण झाल्यावर पंधरा मिनिटे अशा गटांना द्यावीत. दुसरा उपाय प्रश्नाचा. ‘चर्चा करा’ असे सांगून चर्चा होत नाही. ‘आपल्या वर्गात या आठवड्यात कोणते मूल मागे पडले आणि आपण काय केले?’ असा प्रश्न आदल्या दिवशी कळवला, तर प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही असते. तिसरा उपाय संयोजकाचा. बोलण्याची लय बिघडते, म्हणूनच नावाने हाक मारून ‘आता तुम्ही सांगा’ असे म्हणणारा कोणी तरी प्रत्येक गटात हवा. आणि चौथा उपाय पुण्याच्या प्रयोगातलाच: गटांतून आलेल्या प्रश्नांना पुढच्या सभेत उत्तर मिळाले पाहिजे. आपला प्रश्न कोठे तरी पोहोचला, हे कळल्यावाचून माणूस दुसऱ्यांदा विचारीत नाही.

यावर संयोजक म्हणतील की, अशाने सभेला फार मेहनत पडते आणि श्रोत्यांची संख्या घटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु दुखणे नेमके येथेच आहे. अहवालात किती जण जोडले गेले याचा आकडा जातो. किती जण एकमेकांशी बोलले याचा रकानाच नसतो. आकड्यासाठी सभा भरवली की तीनशे नावे मिळतात आणि तीनशे एकटी माणसे उरतात.

आणखी एका गोष्टीचा विसर पडू नये. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांनाच इंटरनेटची सोय उपलब्ध होती; ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. तेव्हापासून मोबाइलचा प्रसार बराच झाला. तरीही घरात एकच फोन असतो आणि तो संध्याकाळी कोणाच्या हाती असावा याचा निर्णय बहुधा घरातील बाई करीत नाही. सभेची वेळ ठरवताना, चित्राविना केवळ आवाजाने सहभागी होण्याची मुभा देताना, या माणसांचा विचार झाला पाहिजे. जेथे शक्य असेल तेथे शाळेच्या खोलीत दहा जणांनी एकाच पडद्यासमोर बसून ऐकावे आणि मग पडदा बंद करून बोलावे. पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हेच केले होते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपण व्याख्याने ऐकत आलो आहोत. उत्तम वक्त्यांची आपणांस वाण पडली नाही. पण व्याख्यानाचे निम्मे काम सभागृहाबाहेर, घरी परतताना शेजारी चालणाऱ्या माणसाशी वाद घालताना होत असे. पडद्यावरच्या सभेत ती परतीची वाट नाही. एक बटण दाबले की आपण आपल्या खोलीत एकटेच असतो. ती वाट आता संयोजकांनाच आखून द्यावी लागेल. ती आखली नाही, तर आपण पूर्वीपेक्षा अधिक ऐकू आणि पूर्वीपेक्षा कमी बोलू. आणि ज्या समाजातील माणसे केवळ ऐकतात, त्या समाजाला प्रश्न विचारण्याचीही सवय राहत नाही.