बेथेलचा दशांश

साधना म्हटली की देवघर, मठ किंवा प्रार्थनामंदिर डोळ्यांपुढे उभे राहते. आणि पगार, बाजारहाट, मजुरी हे विषय त्या उंबरठ्याबाहेरचे मानले जातात. ख्रिस्ती साधनेसंबंधी तर रविवारची उपासना, नाताळ आणि उपवासकाळ यांपलीकडे इतरांना फारसे ठाऊक नसते. परंतु या साधनेचा खरा कस आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत लागतो, ही गोष्ट जालन्याजवळच्या एका वस्तीच्या नावातच सांगितलेली आहे. त्या वस्तीचे नाव बेथेल.

ब्राह्मण कुळात जन्मलेल्या नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे स्कॉटिश मिशनचे धर्मोपदेशक म्हणून ते त्या वेळच्या निजामी राज्यातील जालन्यास आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसविले. समाजाने गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना केवळ नवा धर्म देऊन भागणार नाही, त्यांना पायाखाली भूमी आणि हाताला काम हवे, हे शेषाद्रींनी ओळखले होते. म्हणून बेथेलमध्ये प्रार्थनामंदिर आणि नांगर यांची फारकत झाली नाही. १८९१ मध्ये परदेशाहून परतताना सागरप्रवासातच त्यांचे निधन झाले.

बेथेल म्हणजे देवाचे घर. पवित्र शास्त्रातील याकोब घर सोडून परागंदा झाला असता उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजला, तेथे त्याला देवाचा साक्षात्कार झाला आणि त्या जागेला त्याने हे नाव दिले. या कथेचा उत्तरार्ध मात्र सहसा दुर्लक्षिला जातो. जागा झाल्यावर याकोबाने पोटाला अन्न, अंगाला वस्त्र आणि सुखरूप परतणे एवढेच मागितले. आणि जे मिळेल त्याचा दशांश देवाला देण्याचा नवस केला. म्हणजे साक्षात्काराच्या पाठोपाठ हिशेब आला! त्या हिशेबाला या कथेत कमीपणा नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर दशांश, उपवास आणि विश्रांतीचा दिवस या तीन साधना अनुक्रमे उत्पन्न, उपभोग आणि वेळ यांना वळण लावतात. सर्व खर्च भागवून उरले तर द्यावे, ही सर्वसाधारण रीत. आणि उरत कधीच नाही, हा सर्वसाधारण अनुभव. पगार हाती पडताच परक्याचा वाटा प्रथम बाजूला काढणारा कारकून उरलेल्या नऊ वाट्यांत संसार बसवावयास शिकतो. अर्थात ठरावीक पगारदाराचा दशांश आणि रोजंदारीवरील मजुराचा दशांश सारखा नव्हे. दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान येशूने सर्वांत मोठे ठरविले, कारण त्याने दिलेली रक्कम मोजली नाही. देणाऱ्याच्या हाती काय उरले ते पाहिले. करपद्धतीतील न्यायाचे तत्त्व तरी याहून वेगळे काय असते?

उपवासाचेही तसेच. वाचलेला घास दुसऱ्याच्या ताटात गेला नाही, तर उपवास ही केवळ पथ्याची बाब होते. उपवासाच्या दिवशीच मजुरांना राबवून घेणाऱ्या भाविकांची यशया संदेष्ट्याने कठोर शब्दांत हजेरी घेतली आहे. दान, प्रार्थना आणि उपवास यांचे प्रदर्शन मांडू नका, असे येशूने बजावले तेही याच रोगाचे निदान होते.

परंतु सर्वांत बिकट प्रश्न विश्रांतीच्या दिवसाचा आहे. ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा नाही, त्याने हे व्रत पाळावे कसे? पेरणी साधली असताना किंवा कापसाच्या वेचणीत एक दिवस घरी बसणे म्हणजे शेतमजूर स्त्रीच्या एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. लोखंडी सळयांच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार आणि जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेले कुटुंब यांना हा उपदेश ऐकविणे सोपे, पाळावयास लावणे अवघड. मूळ आज्ञेला या अडचणीची जाण होती. म्हणूनच ती घरधन्यावर थांबत नाही. दास, दासी, परका आणि गोठ्यातील जनावर यांनाही त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे, असे ती स्पष्ट सांगते. दुसऱ्याला राबवून घेतलेली विश्रांती त्या आज्ञेच्या लेखी विश्रांतीच नव्हे.

महाराष्ट्रात हे तत्त्व व्यवहारात उतरविण्याचे श्रेय एका सत्यशोधकाकडे जाते, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ख्रिस्ती माणसाचा उपासनेचा दिवस हाच खंडोबाच्या भक्तांचाही वार. तो मोकळा झाला तो प्रवचनाने नव्हे, संघटित मागणीने. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आज रविवार गृहीत धरतात. परंतु त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या आठवड्यात तो अनेकदा नसतोच.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात आहे. प्रपंच आणि परमार्थ यांची सांगड घालणाऱ्या समर्थांच्या मुलखात बेथेलचा धडा परका वाटण्याचे कारण नाही. त्याची परीक्षाही कोणत्याही धर्माच्या घरात घेता येईल. कामवाल्या बाईला आठवड्यातून एक दिवस पगार न कापता सुटी द्यावी आणि त्या दिवशीची भांडी घरच्यांनी घासावी. त्या सकाळची प्रार्थना कदाचित थोडी उशिरा होईल. पण ती अपुरी राहणार नाही.