औषधच गिळून टाकणाऱ्या पेशी!

मे 2021 आठवतोय? तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा मोबाइलवर शाळेचे ऑनलाइन तास करत होते. त्याच मोबाइलवर फॅमिली ग्रुपमध्ये एक मेसेज सारखा फिरत होता : ‘लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी कुठे मिळेल का?’ कोरोनातून उठलेल्यांना म्युकरमायकोसिस गाठत होता. आपल्या धाराशिवपासून मुंबईपर्यंत सगळीकडे या इंजेक्शनची टंचाई होती.

अॅम्फोटेरिसिन हे जुनं औषध. बुरशी मारतं, पण किडनीलाही दणका देतं. म्हणून ते चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यात भरून देतात. हाच लायपोसोम. असे शेकडो फुगे एका केसाच्या जाडीत रांगेत बसतील! भारतात या औषधावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी महत्त्वाचं काम केलं.

पण फुगा रक्तात गेला की खरी गंमत सुरू होते. आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. बाहेरचं काही दिसलं की गिळायचं, हे त्यांचं काम. एली मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये स्टारफिशच्या पिल्लांमध्ये अशा पेशी पाहिल्या आणि 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशींना फुगा ओळखू कसा येतो? तुळजापूरहून आलेला माणूस कपाळावरच्या मळवटावरून लगेच कळतो ना, तसंच. रक्तातली प्रथिनं फुग्याला चिकटतात आणि त्या खुणेवरून यकृत व प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला उचलतात.

कॅन्सरमध्ये हे महागात पडतं. टोरोंटोच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. सुईतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचत होते साधारण 0.7 टक्के! बाकीचे वाटेतच अडकत होते, त्यातले बरेच या पेशींच्या पोटात.

उपाय? फुग्याला रेनकोट! पीईजी नावाच्या रसायनाचा थर दिला की भोवती पाणी धरून राहतं आणि प्रथिनं सहज चिकटत नाहीत. अमेरिकेत 1995 मध्ये मंजूर झालेलं डॉक्सिल हे कॅन्सरचं औषध असंच बनलंय. ते रक्तात कित्येक दिवस फिरत राहतं. पण शरीरही हुशार. काहींच्या रक्तात या रेनकोटविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात.

मग या पेशी औषधाच्या शत्रूच का? तसं नाही. बिहारमधल्या काळा आजाराचे परजीवी नेमके याच भक्षक पेशींच्या आत लपतात. तिथे पेशीने फुगा गिळला, की औषध आपोआप चोराच्या घरात! म्हणूनच 2014 पासून आपल्याकडे या आजारावर लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा एकच डोस देण्याचं धोरण आलं. 2021 मध्ये घरोघरी शोधलं गेलं, तेच हे औषध.

म्हणजे पहारेकऱ्याला चुकवायचं की त्याच्याच हाती पार्सल द्यायचं, हे आजार बघून ठरवायचं. बी.फार्म., बायोटेक किंवा केमिस्ट्री करणाऱ्यांनो, इथे अजून भरपूर काम बाकी आहे. पुढच्या साथीत इंजेक्शन शोधणाऱ्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बनवणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातलं कुणी असेल, तर काय बिघडलं?