एचआयव्हीवर संशोधन कोण करणार? भोसरीची प्रयोगशाळा आणि आपली मुले



भोसरी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी भावा-बहिणींच्या रोजच्या वाटेवर एक सरकारी संस्था आहे. आजूबाजूला प्रेस शॉप, टूल रूम, पॅकिंगची युनिटे, आणि त्यातच ही प्रयोगशाळा. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नारी'. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९९२ साली ती सुरू केली. आता तिचे अधिकृत नाव बदलून लांबलचक झाले आहे, पण लोक अजून 'नारी'च म्हणतात.

तिथे काय चालते, असे वस्तीत विचारले की बहुतेक वेळा आवाज खाली येतो. "तिथे एड्सवाले जातात," एवढेच उत्तर मिळते. "तिथे माझी मुलगी पीएच.डी. करते," असे उत्तर आम्ही अजून ऐकलेले नाही. या वेळचे आरोग्य पान त्या न ऐकलेल्या उत्तराबद्दल आहे. औषध कुठून येते, ते शोधणारी माणसे कशी घडतात आणि त्यात आपली मुले असल्याने काय फरक पडतो, ते पाहू.

एका विद्यार्थिनीचा प्रबंध

भारतात एचआयव्ही आहे हे पहिल्यांदा कोणी दाखवले? एका विद्यार्थिनीने. १९८५ च्या अखेरीस मद्रास मेडिकल कॉलेजात सेल्लप्पन निर्मला नावाच्या डॉक्टर सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. प्रबंधासाठी त्यांच्या प्राध्यापिकेने विषय सुचवला: आपल्या शहरात एड्सचा विषाणू आहे का ते तपासा. त्या प्राध्यापिका म्हणजे डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या.

त्या काळी हा आजार परदेशातला, आपल्याकडे येणारच नाही, असे मोठमोठे लोक म्हणत. निर्मला लहान मुलांची आई होत्या. त्यांनी दोनशे नमुने गोळा केले. ठेवायला नीट सोय नव्हती, म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. तपासणी वेल्लोरला झाली. १९८६ च्या सुरुवातीला सहा नमुने पॉझिटिव्ह आले आणि सगळा देश हादरला. परीक्षेसाठी लिहायच्या एका प्रबंधाने सरकारला जागे केले.

पुण्यातला अभ्यास आणि बायकांवरचा डाग

दुसरे उदाहरण आपल्याच भागातले आहे. १९९० च्या दशकात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास 'नारी'मधल्या डॉक्टरांनी केला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो लेख १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या दवाखान्यांत आलेल्या, पण देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्ये शंभरातल्या जवळपास चौदा जणींना एचआयव्हीची लागण होती. यातल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी संबंध आला नव्हता.

बायांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. सासरी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पहिले बोट सुनेकडे वळते. नवरा गेल्यावर कितीतरी जणींना "हिनेच आणला" म्हणून घराबाहेर काढले गेले. अशा वेळी आकड्यांनी सांगितले की बाई घरातच होती आणि आजार लग्नाच्या नात्यातून तिच्यापर्यंत आला. दवाखान्यात बाईशी तिच्या भाषेत बोलणारी, तिचे घर कसे चालते हे ठाऊक असणारी माणसे होती, म्हणून हा प्रश्न नीट विचारला गेला. संशोधक जिथला असतो, तिथले प्रश्न त्याला सुचतात.

डर्बनशी आपले नाते

आता थोडे दूर जाऊ, पण कारणाशिवाय नाही. एचआयव्हीचे अनेक उपप्रकार आहेत. युरोप-अमेरिकेत मुख्यतः 'बी' आढळतो. भारतात आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात मुख्यतः 'सी' आढळतो. म्हणजे पिंपरीतल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरातल्या रुग्णाच्या रक्तातला विषाणू एकाच घराण्यातला. तिथे जे शिकले जाते ते आपल्या उपयोगाचे असते.

आधी आफ्रिकेत काय होत असे? आजार आफ्रिकेत, नमुने विमानाने परदेशात, आणि संशोधनावर नाव परदेशी प्राध्यापकाचे. हे बदलायला पुष्कळ वर्षे लागली. अमेरिकेच्या सरकारी फोगार्टी केंद्राने १९८८ मध्ये एड्स संशोधकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. गरीब देशांतल्या तरुणांनी परदेशी विद्यापीठात काही काळ शिकावे आणि संशोधन मायदेशात करावे, अशी ती कल्पना होती. 'नारी'तल्या संशोधकांनाही अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठामार्फत याचा लाभ झाला. डर्बनमध्ये क्वारैशा अब्दुल करीम यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या साथीने हाच कार्यक्रम चालवला. त्यातून आफ्रिकेच्या दक्षिण भागात सहाशेहून अधिक संशोधक तयार झाले. हे तेच कोलंबिया विद्यापीठ, जिथे बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले होते.

केनियाचे थुंबी एनदुंगू यांचे उदाहरण घ्या. नैरोबीत ते गुराढोरांचे डॉक्टर झाले. पुढे अमेरिकेत पीएच.डी. करताना त्यांनी 'सी' उपप्रकाराची प्रयोगशाळेत वाढवता येईल अशी जनुकीय प्रत प्रथमच तयार केली. मग ते डर्बनला आले. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांना जोडणारे एचआयव्ही आणि टीबी संशोधकांचे प्रशिक्षणाचे जाळे ते चालवतात. आफ्रिकेतला विद्यार्थी, आफ्रिकेतला मार्गदर्शक, आफ्रिकेतली प्रयोगशाळा.

याचे फळ दिसते आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या पाच हजारांहून अधिक मुली व तरुण स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. लेनाकापाविर हे प्रतिबंधक इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घेणाऱ्या गटात एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. नवऱ्याला निरोध वापरायला लावण्याची ताकद जिच्या हातात नाही, तिच्यासाठी असे साधन किती मोलाचे आहे हे वेगळे सांगायला नको.

पुणेही अशा कामात मागे राहिलेले नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यातल्या एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. त्यात आफ्रिकेतले पाच देश होते आणि आपल्याकडची पुणे व चेन्नई ही शहरे होती. २०११ मध्ये निकाल आला: लागण झालेल्या जोडीदाराला औषध लवकर सुरू केले, तर त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होणे ९६ टक्क्यांनी कमी होते. आज डॉक्टर सांगतात की नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्या विश्वासाला पुण्यातल्या जोडप्यांचाही हातभार आहे.

संशोधक घडतो कसा

आयटीआय झालेला मुलगा चाकणच्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागतो. आधी बघतो, मग हाताखाली काम करतो, मग मशीन त्याच्या ताब्यात येते. संशोधनातही असेच आहे.

बारावीला विज्ञान आणि जीवशास्त्र. मग बी.एस्सी., पुढे सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. त्यानंतर नेटसारखी परीक्षा देऊन पीएच.डी. ही खरी अप्रेंटिसशिप. मार्गदर्शकाच्या हाताखाली एकच प्रश्न चार-पाच वर्षे धरून ठेवायचा. त्यानंतर दोन-तीन वर्षे पोस्ट-डॉक: पदवी हातात असते, पण दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन नवे तंत्र शिकायचे आणि स्वतःचा प्रश्न शोधायचा. तेव्हा कुठे संशोधक स्वतःच्या पायावर उभा राहतो. एमबीबीएस, एमडी करूनही या वाटेला येता येते.

सगळ्यांनीच पीएच.डी. केली पाहिजे असे नाही. डीएमएलटी केलेला तंत्रज्ञ, नर्स, एमएसडब्ल्यू झालेली समुपदेशक, वस्तीत फिरणारी कार्यकर्ती यांच्याशिवाय एकही अभ्यास पुरा होत नाही.

पैशाचे काय?

"इतकी वर्षे शिकायचे तर घर कोण चालवणार?" हा प्रश्न खरा आहे. पण पीएच.डी.ला फेलोशिप मिळते, हे आपल्या अनेक घरांना माहीत नाही. नेट-जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे. पुण्यातल्या बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची संशोधन फेलोशिप आहे. परदेशी शिकायला जाण्यासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे; ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे.

ही वाट सोपी नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या विद्यार्थ्यांना आझाद मैदानात धरणे धरावे लागले आहे. आफ्रिकेतही तेच. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हात आखडता घेतला आणि दक्षिण आफ्रिकेतले कितीतरी संशोधन अडकले. दुसऱ्याच्या पैशावरची प्रयोगशाळा दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. म्हणून आपल्या सरकारने दिलेली फेलोशिप हा आपला हक्क समजून मागायचा आणि वेळेवर मागायचा.

आपण काय करू या

एक. दहावीनंतर मुलीला विज्ञान आवडत असेल तर "लांबचे शिक्षण नको" म्हणू नका. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावी-बारावीतच काढा. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० पासून लागू आहेत, हे लक्षात ठेवा.

दोन. कोणी अभ्यासात भाग घ्यायला बोलावले तर घाबरू नका आणि आंधळेपणाने सहीही करू नका. माहितीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, प्रश्न विचारा. सहभाग घेतल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

तीन. शंका असेल तर तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात ती मोफत होते आणि नाव गुप्त राहते. औषधे २००४ पासून मोफत आहेत. फोनवर माहिती हवी असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. लागण आहे म्हणून कोणाला नोकरीतून, शाळेतून किंवा भाड्याच्या खोलीतून काढायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

चार. 'नारी'च्या फाटकासमोरून जाताना मुलांना सांगा की इथे शास्त्रज्ञ काम करतात. निर्मला यांनी नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवून सुरुवात केली होती. आपल्या मुलीला फ्रिजही मिळेल आणि प्रयोगशाळाही मिळेल, पण तिथवर पोचायची वाट तिला आधी घरातून दिसली पाहिजे.