कातडी कमावताना उरणाऱ्या टाकाऊ भागाचा शेतीस उपयोग

मृत जनावराचे कातडे कमावले म्हणजे चामडे हाती येते. परंतु त्याबरोबर केस, मांसाचे पापुद्रे, चुन्याचा गाळ, कस उतरलेली साल आणि चामड्याची कात्रणे असा पुष्कळ भाग मागे राहतो. तो ओढ्याकाठी टाकल्यास दुर्गंधी सुटते व पाणी नासते. तोच रीतसर कुजविल्यास जमिनीस अन्न मिळते. मात्र यांतील काही भाग शेतात कदापि घालू नये. हा भेद ओळखणे हीच या कामातील पहिली पायरी होय.

सिंधुदुर्ग जिल्ह्यास हा विचार नवा नाही. कुडाळच्या उत्तरेस कणकवलीजवळ अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन केला. मैला व मृत जनावरे यांची व्यवस्था लावणे हे हलके काम नसून समाजाच्या हिताचे काम आहे, हे त्यांनी ते स्वतः करून दाखविले.

दोन प्रकारचे चामडे

कातडी कमावण्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत बाभळीची साल, हिरडा इत्यादी वनस्पतींचा तुरट कस वापरतात. दुसरीत क्रोमियम या धातूचे क्षार वापरतात. सालीच्या रीतीतील अवशेष कुजतो. क्रोमियम मात्र कुजून नाहीसे होत नाही; ते जमिनीत साठून राहते. क्रोम चामडे जाळणे तर अधिकच घातक, कारण त्या वेळी क्रोमियमचे अतिविषारी रूप तयार होऊ शकते.

कात्रण तपकिरी असल्यास ते बहुधा सालीचे व कापलेल्या कडेस निळसर असल्यास क्रोमचे असते. रंग दिलेल्या चामड्यात ही खूण दिसत नाही. अशा वेळी बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात एकदोन मिनिटे ठेवावा. सालीचे चामडे आकसून वाकते. क्रोमचे बहुधा जसेच्या तसे राहते. हे भांडे पुन्हा स्वयंपाकास वापरू नये. शंका उरल्यास कात्रण क्रोमचेच समजावे.

खत करण्याची रीत

कुडाळ भागात पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात. म्हणून उंचवट्यावर, विहिरीपासून दूर, झावळ्यांच्या छपराखाली ढीग रचावा. तो सुमारे दीड मीटर रुंद व एक मीटर उंच असावा. प्रथम पालापाचोळा व कस उतरलेली साल, त्यावर केस व पापुद्र्यांचा पातळ थर, मग शेणकाला व माती, या क्रमाने थर द्यावेत. केसांत नत्र भरपूर असते, तर सालीत ते फार थोडे असते. म्हणून दोन्ही मिसळल्याने ढीग चांगला कुजतो. पापुद्रे ढिगाच्या मध्यभागी ठेवावेत, म्हणजे कुत्री व माश्या येत नाहीत. कातड्यास लावलेले मीठ आधीच झटकून वेगळे काढावे. दर महिन्यास ढीग उलटावा. पाच-सहा महिन्यांनी, मूळ वस्तू ओळखू येईनाशी झाली म्हणजेच खत वापरावे. कच्च्या सालीतील तुरट द्रव्य कोवळ्या रोपांस बाधते. सालीच्या चामड्याची कात्रणे सावकाश कुजतात, यास्तव ती बारीक करून थोडीच घालावीत. डिंक वा रबर लागलेली कात्रणे घेऊ नयेत.

चुन्याचा गाळ ताज्या शेणात मिसळू नये. त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. जांभ्या जमिनी आम्लधर्मी असतात. तेथे हा गाळ वाळवून, माती परीक्षणानंतर आवश्यक तेवढाच पसरावा. केस काढण्यास सल्फाइड वापरले असल्यास हा गाळ शेतात घालू नये. आम्ल पदार्थाशी संबंध आल्यास त्यातून प्राणघातक वायू निघतो. अशा कुंडात गाळ काढण्यास कोणीही उतरू नये.

न कमावलेल्या छाटणीपासून सरस तयार होतो. तोही कुजणारा पदार्थ असून सुतारकामास उपयोगी पडतो.

दक्षता

जनावर अकस्मात मरून नाकातोंडातून रक्त आले असल्यास काळपुळीचा संशय धरावा. त्याचे कातडे काढू नये. पशुवैद्यकास त्वरित कळवावे. क्रोमची कात्रणे कोरड्या पोत्यात वेगळी ठेवून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्राकडे पोचविण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चर्मकार बंधू व शेतकरी यांना एकत्र बसवून ही पारख प्रत्यक्ष करून दाखवावी. दोन प्रकारचे चामडे एकदा एकाच ढिगात मिसळले, की पुढे ते वेगळे करता येत नाही. म्हणून ही निवड कात्रण हातातून खाली पडण्यापूर्वीच झाली पाहिजे.